फाटलेला क्यूआर कोड चालतो, मग बदललेलाही का चालतो?

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत पावसाळ्यात भाजी घ्यायला गेलात तर बघा. गाळ्याच्या खांबाला सुतळीने बांधलेला क्यूआर कोड भिजून फुगलेला असतो, एक कड फाटलेली, वर कोथिंबिरीच्या पाण्याचे ओघळ. तरी मोबाइल समोर धरला की पहिल्या फटक्यात पैसे जातात. मावशींना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र अजून नवल वाटतं, कारण यामागे साठेक वर्षांचं गणित उभं आहे आणि त्याच गणितात एक फटही आहे.

हा कोड जन्मला जपानमध्ये, टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम केलेल्यांना कानबान कार्ड सांगावं लागत नाही: पेटीत कोणता भाग, किती नग, कुठे जायचा. ही माहिती बारकोडमध्ये असायची, पण एका बारकोडमध्ये जेमतेम वीसेक अक्षरं मावत. मग एकेका पेटीवर दहा-दहा बारकोड, आणि प्रत्येक वेगळा स्कॅन करायचा. कामगार त्याने मेटाकुटीला आले होते. मासाहिरो हारा आणि त्यांच्या छोट्या गटाने १९९४ मध्ये यावर तोडगा काढला. हारा यांना गो नावाचा पटावरचा खेळ आवडायचा. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या त्या पटावरून चौकटींची कल्पना सुचली. कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांसाठी त्यांनी वर्तमानपत्रं, मासिकं, खोकी असं छापील साहित्य पिंजून काढलं आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं छपाईत सर्वांत विरळ आढळणारं प्रमाण शोधलं: १:१:३:१:१. म्हणून आजूबाजूला कितीही मजकूर असला तरी कॅमेऱ्याला कोड नेमका सापडतो. पेटंट हाती असूनही कंपनीने ते कुणावर चालवलं नाही, आणि २००० मध्ये कोड आंतरराष्ट्रीय मानक झाला.

कारखाना म्हटला की तेल, धूळ, ओरखडे आलेच. म्हणून डेन्सोने आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांची १९६० ची पद्धत वापरली. ओरखडे पडलेली सीडी वाजायची तीही याच पद्धतीच्या जोरावर. तत्त्व शाळेतल्या भूमितीचं आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. समजा, मला दोनच बिंदू कळवायचे आहेत, पण मी त्याच रेषेवरचे पाच पाठवले. वाटेत एखादा घसरला, तरी उरलेले चार एका रेषेत दिसतात आणि चुकार कोणता ते तुम्ही ओळखता. रीड-सॉलोमनमध्ये सरळ रेषेच्या जागी बहुपदीची वळणदार रेषा असते, एवढाच फरक.

क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के. बँका कोडच्या मधोमध आपलं बोधचिन्ह छापतात, ते या सवलतीतूनच. चिन्हाने झाकलेला भाग हे मुद्दाम केलेलं नुकसान असतं आणि स्कॅनर ते भरून काढतो. तीन कोपऱ्यांतल्या चौकोनांना मात्र ही सवलत नाही. मी घरी एका छापील कोडवर स्केचपेन घेऊन बसलो होतो. मधल्या भागात नखाएवढा ठिपका काळा केला, कोड वाचला गेला. शेजारी आणखी एक, तरीही वाचला गेला. मग वरच्या डाव्या चौकोनातलं पांढरं कडं काळं केलं आणि मोबाइलला समोर कोड आहे हेच कळेना.

आता छेडछाडीकडे येऊ. सर्वांत लहान कोड २१ बाय २१ चौकटींचा असतो आणि त्यात २६ बाइट (एक बाइट म्हणजे आठ चौकटी) मावतात. सर्वांत वरच्या पातळीवर त्यातले ९ माहितीचे आणि १७ दुरुस्तीचे. आठ बाइट बिघडले तरी मूळ मजकूर परत मिळतो. असे कोणतेही दोन वैध कोड एकमेकांपासून किमान १८ बाइटांनी वेगळे असतात. म्हणजे एक अक्षर गुपचूप बदलून भागत नाही, आणि हे आपल्या बाजूचं झालं. पण हल्लेखोराला अठराच्या अठरा बाइट बदलावे लागत नाहीत. असा सगळ्यांत जवळचा कोड त्याने गाठला, तर दहा बदलले की पुरे. उरलेले आठ स्कॅनर ‘बिघडलेले’ समजतो आणि स्वतःच दुरुस्त करतो, फक्त चुकीच्या दिशेने. सर्वांत खालच्या पातळीवर अंतर आठ बाइटांचं, स्कॅनर दोन दुरुस्त करतो, म्हणजे सहा बदलावे लागतात.

माझ्या मते खरं मर्म इथे आहे. ही दुरुस्ती पद्धत नुकसान ओळखते, नुकसानामागचा हेतू ओळखत नाही. तेलाचा डाग आणि मुद्दाम ओढलेली रेघ तिच्या लेखी सारखीच. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० मध्येच मोजक्या चौकटी रंगवून कोड दुसरीकडे कसा वळवता येईल याची मांडणी केली होती. २०१८ मध्ये जपानमधल्या कोबे विद्यापीठातल्या संशोधकांनी तर असा कोड दाखवला, जो बहुतेक वेळा खऱ्या पत्त्यावर नेतो आणि मधूनच खोट्या. काही चौकटी काळ्या-पांढऱ्याच्या अध्येमध्ये ठेवल्या की कॅमेरा कधी हे वाचतो, कधी ते.

रस्त्यावरच्या चोराला मात्र यातलं काहीच लागत नाही, तो सरळ वर दुसरा कोड चिकटवतो. तो कोड गणिताच्या दृष्टीने निर्दोष असतो, मग दुरुस्ती पद्धत तक्रार करणार कशाची? अमेरिकेत ऑस्टिन शहरात २०२२ च्या सुरुवातीला पार्किंगच्या पैशांच्या यंत्रांवर असे स्टिकर सापडले. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला दुकानांबाहेरचे कोड एका रात्रीत बदलले गेले.

आपल्याकडे यूपीआय २०१६ मध्ये आलं, भारत क्यूआर हा सामाईक कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये. काही वर्षं पुण्यातल्या प्रत्येक टपरीवर तीन-चार कंपन्यांचे वेगवेगळे कोड लटकत असत. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक यांच्या समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये सांगितलं की कोड कोणत्याही ॲपला चालणारेच हवेत, आणि त्यासाठी मार्च २०२२ ची मुदत दिली. ग्राहकासाठी हे उत्तम झालं. पण दुकानाचं सगळं येणं एकाच कागदावर आलं, आणि तो कागद झाकला की सगळंच येणं वळतं.

आमच्या पेठेतल्या पोह्यांच्या गाडीवर हेच घडलं. काकांना दुपारपर्यंत पत्ता नव्हता. सकाळच्या गर्दीत ग्राहकाच्या मोबाइलवरची हिरवी खूण बघून ते बशी पुढे करत होते. मुलाने कोडवरून बोट फिरवलं तेव्हा कड हाताला लागली. नखाने उचलली, तर खाली त्यांचा जुना, हळदीचे डाग पडलेला कोड शाबूत होता. तो तसाच स्कॅन केला आणि चाललाही.

यूपीआयच्या कोडमध्ये डिजिटल स्वाक्षरीची सोय आहे, पण मजकूर बदलला तर ती सांगणार. पूर्ण कोडच दुसऱ्याचा असेल तर त्याची स्वाक्षरीही खरीच असू शकते. खरी पडताळणी होते ती नावाची. यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२५ मध्ये यूपीआय ॲपना बजावलं की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवा, कोडमध्ये लिहिलेलं नको. काकांनी त्यावरून स्वतःची पद्धत बसवली आहे. सकाळच्या पहिल्या ग्राहकाने मोबाइल पुढे केला की ते कढईतला झारा थांबवून विचारतात, “दादा, नाव कुणाचं आलं, जरा वाचून दाखवा.”