मुदत संपल्यानंतरच्या जादा डिझाइनचे पैसे : फाइल आणण्याआधी एवढं वाचा

जादा कामाच्या पैशांचे दावे बघणाऱ्या रामबागेतल्या आमच्या ऑफिसात येणाऱ्या आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल डिझाइनर मंडळींचा प्रश्न बहुधा एकच असतो. "सरकारी कराराची मुदत मार्चमध्येच संपली, पण साहेब नकाशे मागत राहिले, आम्ही देत राहिलो. त्याचे पैसे मिळतील का?"

मिळू शकतात. पण फाइल उघडल्यावर आम्ही आधी नकाशे बघत नाही, नकाशांसोबतची पत्रं बघतो. घोडं तिथेच पेंड खातं.

ते पत्र आता आम्हाला पाठ झालंय : "चर्चेनुसार संशोधित नकाशे सादर." चर्चा कुणाशी, कधी, बदल मागितला कुणी, काही नाही. एक आर्किटेक्ट बाई इस्पितळाच्या इमारतीचे नकाशे घेऊन आल्या होत्या. मंजूर नकाशातली लिफ्ट मुदत संपल्यावर दोनदा हलवायला लावली. लिफ्ट हलली की जिना हलतो, कॉलम हलतात, पाया पुन्हा काढावा लागतो. शीटच्या कोपऱ्यात आर-4, आर-5, आर-6 असे सुधारित नकाशाचे क्रमांक चढत गेले आणि प्रत्येक पत्रावर तेच "चर्चेनुसार". विभागाने उत्तर दिलं की नकाशात तुमच्याच चुका होत्या, त्या तुम्ही सुधारल्यात. उलट सांगणारा एक कागद फाइलमध्ये नव्हता.

स्वतःची चूक सुधारण्याचे पैसे कुणी देत नाही, देऊही नयेत. मंजुरीनंतर खात्याने मागितलेला बदल ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती पत्रात दिसायला हवी. एवढंच लिहा : "अमुक तारखेला कार्यपालन यंत्री (कार्यकारी अभियंता) साहेबांनी साइटवर सांगितल्यावरून मंजूर नकाशात पुढील बदल केले आहेत. कराराची मुदत अमुक तारखेला संपली आहे. हे काम मूळ फीमध्ये येत नाही. त्याचा मोबदला वेगळा मागत आहोत." सूचना व्हॉट्सॲपवर आली असेल तर मेसेज जपून ठेवाच, पण त्याच संध्याकाळी तिचा उल्लेख करून ईमेल टाका.

"साहेब नाराज होतील" हे आम्हाला नेहमी ऐकायला मिळतं. होतात थोडे. पण उद्या ऑडिटने विचारलं तर त्यांच्या नोटशीटला (फाइलवरच्या सरकारी टिपणीला) आधार तुमच्याच पत्राचा असतो.

समयवृद्धीचं, म्हणजे मुदतवाढीचं, पत्र आलं म्हणून पेढे वाटू नका. त्यात खाली "बिना अतिरिक्त वित्तीय भार" (म्हणजे जादा पैसे न देता) असं असेल आणि तुम्ही गप्प बसलात, तर तुम्ही फुकट काम कबूल केलंत असा अर्थ पुढे काढला जातो. लगेच लेखी हरकत घ्या. अंतिम बिलावर "आता काही येणे नाही" अशी सही करतानाही तेच.

कायद्याचा आधार आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 70 सांगतं की कायदेशीरपणे, फुकट करण्याचा इरादा नसताना काम केलं आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याने मोबदला द्यायचा. सरकारशी रीतसर करार झालेला नसतानाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने बी. के. मंडल प्रकरणात 1961 मध्ये सांगितलं. मात्र त्याच कामाचा दर करारात लिहिलेला असेल तर कलम 70 कामी येत नाही, करारातलाच दर चालतो. म्हणून आम्ही आधी करार वाचतो.

रकमेसाठी आर्किटेक्ट मंडळींना वास्तुकला परिषदेची मार्गदर्शक फी हाताशी आहे. करारात नसेल तर ती बंधनकारक नाही, पण आकडा हवेतला वाटत नाही. सोबत कुणी किती दिवस बसून काय काढलं याची हजेरी हवी. दावा लावण्याच्या मुदतीचा साधारण हिशेब काम झाल्यापासून 3 वर्षं. करारात दाव्यासाठी त्याहून कमी दिवस दिलेले असतील तर ते आधी पाळा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करून टाका. छोट्या उद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांपलीकडच्या थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज आहे, तेही चक्रवाढ.

फाइल वाचण्याची फी आम्ही आधी घेतो, याबद्दल कुरकुर होते. दावा उभा राहत नसेल तर तसं स्पष्ट सांगतो, आणि ते सांगायलाही अख्खी फाइल वाचावीच लागते. वसुलीच्या टक्केवारीवर काम घेत नाही; मग आकडा फुगवायचा मोह होतो आणि फुगवलेला दावा पहिल्या टेबलावरच अडकतो. चालू कामाची पत्रं दर महिन्याला तपासून देण्याचं काम आम्ही घेतो, त्याला खर्चही बराच कमी येतो.

येताना वर्क ऑर्डर, करार, समयवृद्धीची सगळी पत्रं आणि नकाशांसोबतच्या पत्रांच्या आवक शिक्का असलेल्या पोहोच प्रती आणा. झेरॉक्स चालतील, मूळ कागद घरीच ठेवा. सगळं तारखेप्रमाणे लावून आणलंत तर आमचा एक दिवस वाचतो, आणि तेवढी फी आम्ही कमी घेतो.