ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधील बग आणि ज्ञात मर्यादा

चित्र, त्रिमितीय दृश्य किंवा अक्षरे अपेक्षेपेक्षा वेगळी उमटली, की प्रश्न पडतो: प्रोग्रॅम चुकला, की तो जसा बांधला आहे तसाच चालला? प्रोग्रॅमने स्वतः सांगितलेले काम केले नाही तर तो बग. सांगितलेली पद्धतच त्या जागी अपुरी पडत असेल आणि ते निर्मात्यांना ठाऊक असेल, तर ती ज्ञात मर्यादा. चित्र किती विद्रूप झाले यावर हे ठरत नाही. अत्यंत कुरूप निकाल मर्यादेचा असू शकतो आणि जेमतेम दिसणारा रंगफरक खरा बग असू शकतो.

इंकस्केप या रेषाचित्रांच्या प्रोग्रॅममधील शिवणरेषा हे याचे चांगले उदाहरण. एकमेकांना चिकटलेल्या दोन काळ्या चौकोनांमध्ये पांढरट रेघ दिसते. सामाईक कड पिक्सेलच्या मधोमध गेली असेल, तर पहिला चौकोन तो पिक्सेल ५० टक्के झाकतो आणि दुसरा उरलेल्याच्या निम्मा. म्हणजे पार्श्वभूमी २५ टक्के डोकावतेच. कडा गुळगुळीत करण्याच्या या पद्धतीत प्रत्येक आकार स्वतंत्रपणे रंगवला जातो, त्यामुळे शेजाऱ्याची कड नेमकी कुठे आहे हे तिला कळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. झूम वाढवूनही रेघ पिक्सेलभरच राहिली तर ती शिवण, झूमबरोबर रुंदावली तर आकारांत खरेच अंतर आहे. उपाय म्हणजे खालचा आकार किंचित वाढवून वरच्याखाली सरकवणे.

त्रिमितीय कामात सर्वाधिक फसवतात ते आकडे. ब्लेंडर हा त्रिमितीय प्रोग्रॅम शिरोबिंदूंचे (आकाराच्या कोपऱ्यांचे) स्थान ३२ बिटांच्या दशांश संख्येत ठेवतो. तिची अचूकता जेमतेम सात अंकांची. केंद्रापासून १० किलोमीटरवर दोन शेजारच्या शक्य स्थानांतले अंतर सुमारे १ मिलिमीटर असते, १०० किलोमीटरवर सुमारे ८ मिलिमीटर. पुणे परिसराचा नकाशा यूटीएम (पृथ्वीवरचे स्थान मीटरांत सांगणाऱ्या) निर्देशांकांसह जसाच्या तसा आणला, तर उत्तरेकडचा आकडा साडेवीस लाख मीटरांच्या आसपास जातो आणि बिंदू साडेबारा सेंटिमीटरच्या जाळीवर जाऊन बसतात. भिंती वाकड्या, खिडक्या थरथरत्या! आयात करण्यापूर्वी सर्व निर्देशांकांतून एक ठरावीक संख्या वजा केली की तेच मॉडेल सरळ होते. जवळजवळ एकाच पातळीवरच्या दोन पृष्ठभागांची लुकलुकही याच कुळातली. व्ह्यूपोर्टचा (काम करताना दृश्य दाखवणाऱ्या खिडकीचा) क्लिप स्टार्ट, म्हणजे किती अंतरापासून पुढचे दाखवायचे तो आकडा, ०.०१ मीटरवरून ०.१ केल्यावर ती कमी झाली, तर पृष्ठभाग किती लांब आहे या मोजमापाची अचूकता कमी पडत होती असे समजावे. अगदी एकमेकांवर बसलेले पृष्ठभाग मात्र हलवावेच लागतात.

ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट चित्र काढणाऱ्या इंजिनमधल्या आरशात कॅमेऱ्यामागची वस्तू दिसत नाही, कारण पडद्यावर आधारित परावर्तन पडद्यावर असलेल्याच गोष्टी परत दाखवते. लाइट प्रोब (भोवतालचा प्रकाश टिपून ठेवणारी वस्तू) ठेवावा किंवा सायकल्स या प्रकाशकिरणांचा माग काढणाऱ्या दुसऱ्या इंजिनमध्ये रेंडर करावे, म्हणजे अंतिम चित्र काढावे.

जुन्या आवृत्तीत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडली, तर बगची शक्यता सर्वांत जास्त. तरीही बदलांची टिपणे आधी वाचावीत. २०२३ च्या ब्लेंडर ४.० मध्ये नव्या फाइलसाठी फिल्मिकऐवजी एजीएक्स हे रंगरूपांतर आले आणि त्याच मांडणीचे रंग वेगळे दिसू लागले. तो बग नव्हे, जाहीर केलेला बदल. लोगोचा लाल जसाच्या तसा हवा असेल तर व्ह्यू ट्रान्सफॉर्म, म्हणजे हेच रंगरूपांतर, ‘स्टँडर्ड’वर न्यावे लागते. इंकस्केप ०.९२ ने इंचाला ९० ऐवजी ९६ पिक्सेल धरायला सुरुवात केली, तेव्हाही जुन्या फाइलींच्या मापांचा असाच गोंधळ झाला.

प्रोग्रॅम बंद पडला म्हणजे बगच, ही समजूतही पूर्ण खरी नाही. ८१९२ × ८१९२ पिक्सेलचे चार चॅनेलांचे ३२ बिटी चित्र एकटेच १ गिगाबाइट खाते. अशी दहा चित्रे ८ गिगाबाइटच्या ग्राफिक्स कार्डावर मावली नाहीत, तर तो हिशेब आहे. पायथॉन स्क्रिप्टने अनडूनंतर जुन्याच ऑब्जेक्टला हात घातला तर ब्लेंडर कोसळू शकतो. याचा इशारा त्याच्या एपीआयच्या (स्क्रिप्टसाठी दिलेल्या आज्ञांच्या) दस्तऐवजात दिलेला असल्यामुळे तीही मर्यादाच मानली जाते.

देवनागरीतल्या दोषाचे निदान तीन पायऱ्यांवर होते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि हलंत उघडे दिसतात, म्हणजे अक्षरे जुळवणारे इंजिन कामच करत नाही. ब्लेंडरच्या टेक्स्ट ऑब्जेक्टची ही वर्षानुवर्षांची मर्यादा. मजकूर इंकस्केपमध्ये लिहून, त्याचे पाथ (अक्षरांच्या जागी नुसते आकार) करून एसव्हीजी ही रेषाचित्राची फाइल आणणे हा रुळलेला मार्ग. फोटोशॉपमध्ये हेच दिसले तर आधी परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडून पाहावे. बाकी जोडाक्षरे नीट आहेत आणि एखादेच मोडते, तर तोच फॉन्ट दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तपासावा. तिथेही मोडले तर दोष बहुधा फॉन्टचा. तिसरी पायरी मराठी वाचकाला लगेच खटकणारी: ल आणि श हिंदी वळणाचे येणे. यासाठी फॉन्टमध्ये मराठी रूपे हवीत आणि प्रोग्रॅमने मजकुराची भाषा मराठी आहे हे कळवायला हवे. गिंप या चित्रसंपादकाच्या टेक्स्ट टूलमध्ये भाषेचा पर्याय असतो. तो न बदलता तक्रार करण्यात अर्थ नाही.

तपासणीचा क्रम साधा आहे, पण तो उलटा केला की दिवस वाया जातो. प्रथम मूळ सेटिंग्जवर यावे (ब्लेंडरमध्ये फाइल मेन्यूतल्या डिफॉल्ट्समधून ‘लोड फॅक्टरी सेटिंग्ज’). यात ॲड-ऑन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) हेही बाजूला पडतात. मग ताजी आवृत्ती आणि एखादी जुनी आवृत्ती, दोन्हींची झिप वेगवेगळ्या फोल्डरांत उघडून तीच फाइल चालवावी. त्यानंतर तेच दृश्य सायकल्समध्ये एकदा सीपीयूवर आणि एकदा ग्राफिक्स कार्डावर रेंडर करावे. फक्त कार्डावरच बिघडले तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. दोन कार्डांच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम नेमके कोणते कार्ड वापरतो हेही पाहावे. शेवटी फाइलमधून एकेक वस्तू काढत जावे, जोवर दोष टिकून आहे तोवर.

ब्लेंडरच्या ट्रॅकरवर, म्हणजे तक्रारी नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, ‘बग’ आणि ‘नोन इश्यू’ अशी निराळी लेबले आहेत. दुसऱ्याचा अर्थ तक्रार खोटी असा नाही. दोष मान्य आहे, पण तो नजीकच्या काळात दुरुस्त होणार नाही, असा आहे. हेल्प मेन्यूतल्या ‘रिपोर्ट अ बग’मधून आवृत्ती, कार्ड आणि ड्रायव्हरचा तपशील आपोआप भरला जातो. त्यासोबत शेवटची चाललेली आवृत्ती, पहिली बिघडलेली आवृत्ती, छाटलेली फाइल आणि ती उघडल्यावर कोणती कळ कोणत्या क्रमाने दाबायची एवढे द्यावे. नुसता स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तरात बहुधा फाइलच मागितली जाते.