व्हेंटिलेटरवरचे दिवस आणि मेंदूतील गाठ

मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अजून व्हेंटिलेटरवर आहे असे कळले की ‘आता काही खरे नाही’ असे नातेवाईक धरून चालतात. वास्तविक किती दिवस लागले याइतकेच, किंबहुना अधिक, यंत्र कशासाठी लागले हे महत्त्वाचे असते.

व्हेंटिलेटर केवळ प्राणवायू देतो हा समज अपुरा आहे. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणे हे त्याचे तितकेच मोठे काम आहे. श्वास मंदावला की हा वायू रक्तात साठतो, मेंदूतील रक्तवाहिन्यांभोवतीचा द्रव किंचित आम्लधर्मी होतो आणि त्या रुंदावतात. धमनीतील रक्तात या वायूचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर पारा असतो. तो एका मिलिमीटरने वाढला तरी मेंदूकडे जाणारे रक्त सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. कवटी ताणली जात नसल्याने सुजलेल्या मेंदूवरचा दाब त्यामुळे चढतो. मग यंत्राचा वेग वाढवून हा वायू सतत कमी का ठेवू नये? कारण रक्तवाहिन्या फार आकुंचन पावल्या तर मेंदूचाच रक्तपुरवठा तुटतो, शिवाय तो द्रव काही तासांत आपली आम्लता सावरून घेतो आणि परिणाम ओसरतो.

गाठ मस्तिष्कस्तंभाला (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाला) चिकटलेली असेल, तर गिळण्याच्या व खोकण्याच्या नसा दुखावतात. रुग्ण पूर्ण शुद्धीत असूनही लाळ श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी गळ्याला छेद देऊन नळी बसवतात आणि नसा सावरल्या की ती काढताही येते. मात्र यंत्रावर पूर्ण विसंबलेले श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा मुख्य स्नायू) काही दिवसांतच क्षीण होऊ लागते, म्हणून रोज थोडा वेळ रुग्णाला स्वतः श्वास घ्यायला लावून पाहतात.

‘मृताला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात’ असे संदेश समाजमाध्यमांवर फिरतात. हृदय थांबल्यावर हे यंत्र छाती हलवू शकते, रक्त फिरवू शकत नाही, एवढे तरी ते पुढे पाठवण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

व्हेंटिलेटरवर ‘दीर्घकाळ’ म्हणजे सामान्यतः २१ दिवस किंवा अधिक. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगात हे दिवस फार महागात पडतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत किरणोपचारासोबत टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध दिल्यावर मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) १२.१ वरून १४.६ महिने झाले. पण हे उपचार शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत सुरू व्हावे लागतात आणि यंत्रावर खंगलेल्या रुग्णाला ते अनेकदा झेपत नाहीत. पूर्ण काढता आलेल्या सौम्य मेनिंजिओमाच्या (मेंदूच्या आवरणातील गाठीच्या) रुग्णामागे मात्र असा तगादा नसतो. तेवढेच दिवस यंत्रावर काढूनही त्याच्यापुढे अनेक वर्षे असू शकतात.