नैराश्याची गोळी सोडताना: सपाट माथा आणि शेवटचा कडा

१९९८ साली अमेरिकेत एक साधा, पण फार विचारपूर्वक आखलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातली २४२ माणसं नैराश्यातून बरी झालेली होती आणि पुन्हा त्रास होऊ नये म्हणून गोळ्या चालू ठेवत होती. कुणी फ्लुओक्सेटिन, कुणी सर्ट्रालिन, कुणी पॅरोक्सेटिन. मध्येच पाच ते आठ दिवस त्यांना दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी दिली गेली. कोणत्या दिवशी बदल झाला हे ना त्यांना ठाऊक, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. त्या आठवड्यात चक्कर, मळमळ, उडालेली झोप, भलतीसलती स्वप्नं, चिडचिड, उगाच रडू येणं अशा त्रासांची नोंद ठेवली. ठळक त्रास झाला तो फ्लुओक्सेटिनच्या गटात १४ टक्के लोकांना, सर्ट्रालिनच्या गटात ६० टक्के आणि पॅरोक्सेटिनच्या गटात ६६ टक्के.

हे आकडे मला फार मोलाचे वाटतात. गोळी सोडल्यावर कसंतरी होतंय असं सांगणाऱ्याला आपल्याकडे पहिलं उत्तर मिळतं, ‘मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नकोस.’ पण मनाचेच खेळ असते तर तिन्ही गटांत ते सारखेच दिसायला हवे होते. भीती तर सगळ्यांना सारखीच होती. मुख्य फरक होता तो औषधात.

आणि औषधातला तो फरक मुख्यतः एकाच गोष्टीचा आहे: औषध शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं. रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला त्याचं अर्धायुष्य म्हणतात. पॅरोक्सेटिनचं अर्धायुष्य साधारण २१ तास, सर्ट्रालिनचं २६ तासांच्या आसपास. व्हेनलाफॅक्सिन या नैराश्याच्याच आणखी एका औषधाचं तर जेमतेम ५ तास, त्यामुळे त्याची एक गोळी चुकली तरी काहींना संध्याकाळपर्यंत समजतं. फ्लुओक्सेटिन याच्या अगदी उलट. रोज घेणाऱ्याच्या अंगात ते निम्मं व्हायला ४ ते ६ दिवस लागतात, आणि यकृतात त्याचं रूपांतर होऊन बनणारा पदार्थही काम करत राहतो, तो आणखी रेंगाळतो. म्हणजे फ्लुओक्सेटिन एकदम थांबवलं तरी शरीर ते आपोआप हळूहळू सोडतं. त्यामुळेच त्याचा त्रास कमी असतो, आणि झालाच तर कधी कधी काही आठवड्यांनी होतो. तोवर गोळीचा विषयही डोक्यातून गेलेला असतो.

औषध संपलं तर मेंदूला इतका धक्का का बसावा? भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलात तर उतरल्यावर काही वेळ पायाखालची जमीन डुलते. जमीन स्थिरच असते. लाँच डुलत होती, मेंदूने त्या डुलण्याशी हिशेब जुळवला होता, आणि लाँच सोडली तरी तो हिशेब लगेच पुसला जात नाही. गोळीचं तसंच आहे. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांच्यासारखी एसएसआरआय गटातली औषधं मज्जापेशींमधल्या फटीतलं सेरोटोनिन परत ओढून घेणाऱ्या पंपांना अडवतात, म्हणून तिथे सेरोटोनिन जास्त काळ टिकतं. काही आठवड्यांत पेशी या नव्या पातळीशी जुळवून घेतात. सेरोटोनिनचा निरोप घेणारे काही रिसेप्टर कमी संवेदनशील होतात. मग एक दिवस गोळी थांबते, पंप मोकळे होतात, सेरोटोनिन घटतं, पण रिसेप्टर अजून जुन्याच हिशेबात असतात. सेरोटोनिन केवळ मूडपुरतं नसतं. झोप, पचन, तोल, शरीराचं तापमान, सगळीकडे त्याचा हात असतो. म्हणून त्रासही डोक्यापासून पोटापर्यंत कुठेही होतो.

यातला एक त्रास इतका वेगळा आहे की तो ओळखीची खूणच झाला आहे. डोक्यात क्षणभर करंट लागल्यासारखं होतं, बरेचदा नजर झटकन बाजूला वळवली की. ज्याला तो पहिल्यांदा होतो तो घाबरतो, मेंदूत काहीतरी फुटलं की काय असं त्याला वाटतं. या झटक्यांनी मेंदूला इजा होते असा पुरावा नाही. पण ते आहेत काय, हे आधी कुणी सांगितलेलं असेल तर निम्मी घालमेल तिथेच ओसरते.

खरं तर ही माहिती नवी नाही. इमिप्रामिन हे नैराश्यावरच्या अगदी सुरुवातीच्या औषधांपैकी एक, १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी जगापुढे मांडलं, आणि पुढच्या काही वर्षांतच ते सोडताना होणाऱ्या त्रासाच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. तरी विषय अर्धवटच राहिला. डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात तज्ज्ञांची एक बैठक झाली. खर्च फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या एली लिली कंपनीचा होता. या त्रासाला ‘विथड्रॉवल’ न म्हणता ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ (औषध थांबवल्यावरची लक्षणं) म्हणण्याचा प्रघात तिथून पक्का झाला. विथड्रॉवल म्हटलं की दारू आणि अफू आठवतात, हे खरंच आहे. या गोळ्यांची तलफ येत नाही, दोनाच्या चार कराव्याशा वाटत नाहीत, म्हणून त्यांना व्यसन म्हणणं चूक. पण सौम्य नावाने त्रासही सौम्य वाटू लागला. ब्रिटनमधली अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पर्यंत सांगत होती की हा त्रास सहसा किरकोळ असतो आणि साधारण आठवड्याभरात जातो. महिनोन्‌महिने त्रास काढणारी माणसं बोलू लागली तेव्हा, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ते वाक्य बदललं: काहींचा त्रास तीव्र असतो आणि लांबतो.

मग प्रमाण किती? २०२४ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या एका पाहणीने ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार माणसं एकत्र तपासली. औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. गंमत म्हणजे औषध नसलेली गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्के लोकांना झाला. वजाबाकी केली की औषधामुळे होणारा त्रास सहा-सात जणांतल्या एकाला, आणि तीव्र त्रास साधारण ३५ जणांतल्या एकाला. यातले बरेच अभ्यास थोडेच महिने औषध घेतलेल्यांचे होते, त्यामुळे पाच-दहा वर्षं गोळी घेणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत असं माझं मत आहे. तरीही बहुसंख्य लोक गोळी सुखरूप सोडतात, हे घाबरलेल्या वाचकाने आधी वाचावं.

आता गोळी कमी कशी करायची? इथे गणिताचा एक सुंदर भाग येतो. सह्याद्रीतले आपले गड आठवा. वर लांबरुंद सपाट माथा, मग एकदम कडा. माथ्यावर शंभर पावलं चाललात तरी उंची फारशी बदलत नाही, कड्यावर मात्र एक पाऊल पुरतं. औषधाचा डोस आणि मेंदूवरचा परिणाम यांचं नातं नेमकं या आकाराचं आहे. मेंदूच्या पेट स्कॅनवरून सिटॅलोप्रॅम या एसएसआरआय औषधाचं मोजमाप झालं आहे. २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के पंप अडतात. ९ मिलिग्रॅमलाही ७० टक्के. म्हणजे डोस अर्ध्याहून कमी केला तरी आपण माथ्यावरच आहोत. पण साडेपाच मिलिग्रॅमजवळ ६० टक्के, साडेतीनला ५०, दीडला ३०, आणि पाऊण मिलिग्रॅमच्या आसपासही २० टक्के! म्हणजे ‘२०, मग १०, मग ५, मग बंद’ या नेहमीच्या उतरणीत पहिल्या पायऱ्या किरकोळ आहेत आणि शेवटची, पाचवरून शून्यावर, ही कड्यावरून उडी आहे. ‘५ मिलिग्रॅम म्हणजे काय औषध आहे का, सोडून द्या आता’ हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो, पण गणित त्याच्या विरुद्ध आहे.

लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हेच आकडे मांडून सुचवलं की ठरावीक मिलिग्रॅम कमी न करता आताच्या डोसचा ठरावीक हिस्सा कमी करत जावं, म्हणजे पायऱ्या शेवटाकडे लहान-लहान होत जातील. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराच्या क्षेत्रातले डॉक्टर आणि संशोधक आहेत, आणि औषध कमी करतानाचा त्रास स्वतः भोगल्याचं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. ब्रिटनची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही आता हिश्श्याने कमी करा, खाली आल्यावर हिस्सा आणखी लहान करा आणि एका पायरीचा त्रास निवळल्यावर किंवा सोसण्याइतका झाल्यावरच पुढची उतरा, असंच सांगतात.

इतके छोटे डोस मिळवायचे कुठून, ही आपल्याकडची खरी अडचण. नेदरलँड्समध्ये रोज किंचित कमी होत जाणाऱ्या डोसच्या पुड्यांची तयार पट्टी मिळते. आपल्या मेडिकलवर ती नसते. काही औषधं द्रवरूपात मिळतात, काही गोळ्यांची अर्धी-पाव करता येते. पण हळूहळू विरघळणाऱ्या, म्हणजे नावापुढे ‘एसआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘ईआर’ असलेल्या गोळ्या मोडायच्या नसतात, नाहीतर सगळं औषध एकदम रक्तात येतं. एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्तीही बहुतेक औषधांना लागू नाही. पॅरोक्सेटिन ४८ तासांत पाचव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे दर दोन दिवसांनी छोटा विथड्रॉवल. फ्लुओक्सेटिन इथेही अपवाद.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते. भारतात एस्सिटॅलोप्रॅम (हेही एसएसआरआयच) आणि क्लोनाझेपाम (घबराट शांत करणारं वेगळ्या गटातलं औषध) एकाच गोळीत सर्रास लिहून दिली जातात. पाकिटावरची दोन्ही नावं वाचा. क्लोनाझेपाम अनेक आठवडे घेऊन अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. ही जोडगोळी कधीही एकदम बंद करू नका, आणि दोन्ही औषधं वेगवेगळी, वेगवेगळ्या वेगाने कशी कमी करायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

त्रास सुरू झाला की सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: आजार परत आला का? दिवस मोजा. सोडतानाचा त्रास सहसा काही दिवसांतच उमटतो, आजार बहुधा काही आठवडे किंवा महिने घेऊन हळूहळू दाटत येतो. डोक्यातला करंट, चक्कर, मुंग्या हे पूर्वीच्या नैराश्यात नव्हते ना? मग खूण सोडतानाच्या त्रासाकडे आहे. आधीचा डोस पुन्हा घेतल्यावर दोन-तीन दिवसांत आराम पडला, तरी तेच. एक वही ठेवा: तारीख, डोस, झोप, त्रास. स्मरणशक्तीपेक्षा ती वही डॉक्टरांना जास्त सांगते.

आजार खरोखरच परतू शकतो, हेही तितकंच खरं. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकाळ औषध घेणाऱ्या, बऱ्या वाटणाऱ्या ४७८ जणांपैकी निम्म्यांचं औषध कमी करून थांबवलं. वर्षभरात त्यातल्या ५६ टक्क्यांना नैराश्य परत आलं, औषध चालू ठेवलेल्यांत ३९ टक्क्यांना. म्हणजे औषध सोडूनही ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले, आणि काहींनी ते चालू ठेवणंच शहाणपणाचं होतं.

आपल्याकडे मात्र गोळी बऱ्याचदा अशा कारणांनी थांबते ज्यांचा आजाराशी संबंधच नसतो. लग्न ठरतं आणि सासरी पाकीट दिसू नये म्हणून मुलगी गोळी बंद करते, तीही मांडवाच्या धावपळीत, झोपेचं खोबरं झालेलं असताना. दिवस गेल्याचं कळतं आणि घाबरून त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात जातात. लग्न, परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण, हे सोडण्याचे महिने नव्हेत. गरोदरपणात औषध बदलायचं की चालू ठेवायचं हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांना विचारून होतो, एका रात्रीत नाही. आणि सोडताना एका जागी बसवणार नाही अशी तगमग झाली, जगू नये असं वाटू लागलं, तर थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ‘आता कमी करू या’ म्हटलं की ‘१० वरून ५ वर कधी यायचं’ एवढंच विचारून उठू नका. ‘पाचच्या खाली कसं उतरायचं?’ हेही तेव्हाच विचारून, कागदावर लिहून घ्या.