लगोरी (कोकण किनारा)

लगोरी : सात चपट्या चकत्यांची उतरंड चेंडूने पाडून, अंगावर चेंडू बसण्याआधी ती पुन्हा रचण्याचा सांघिक खेळ. उत्तर भारतात तो पिट्ठू, सतोलिया इ. नावांनी खेळतात. खेळाची रीत सर्वपरिचित असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः कोकणात घरच्या घरी, जवळजवळ फुकटात, होणाऱ्या साहित्याचा विचार केला आहे.

लगोरी पाच हजार वर्षांपूर्वीची असून तिचा उल्लेख भागवत पुराणात आहे, असे विधान अलीकडे वारंवार आढळते. त्यासाठी कृष्णाच्या चेंडूचा दाखला देण्यात येतो. तथापि दशम स्कंधातील कालियामर्दनाच्या प्रसंगी कृष्ण कदंबावर चढून डोहात उडी घेतो. तेथे चेंडू नाही. चेंडू यमुनेत गेल्याची कथा उत्तरकालीन भक्तिकाव्यात व कीर्तनांत रुळलेली दिसते. शिवाय चेंडूचा उल्लेख म्हणजे लगोरीचा उल्लेख नव्हे. मराठी संतांच्या अभंगांत चेंडूफळी, हमामा, हुतुतू हे खेळ येतात; त्यांवरून चेंडूचे खेळ महाराष्ट्रात जुने आहेत, एवढेच म्हणणे सयुक्तिक ठरेल.

कोकणापुरता खरा प्रश्न चकत्यांचा आहे. दक्षिण रत्नागिरी व सिंधुदुर्गात सहज मिळणारा दगड म्हणजे जांभा. तो सच्छिद्र व खरबरीत असतो, त्याच्या पातळ चिपा निघत नाहीत. तुकडे रचले तरी एकमेकांत रुततात आणि चेंडू बसूनही उतरंड जागची हलत नाही. किनाऱ्यावरचे गोटे गोल, म्हणून निरुपयोगी. साहजिकच फुटक्या कौलांना पसंती मिळाली. परंतु कुंभारी नळ्यांचे (अर्धगोल कौलांचे) तुकडे वाकडे असल्याने रचताना डुलतात. सपाट तुकडा मिळतो तो मंगलोरी कौलाचा. असे कौल बनवण्याचा बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कारखाना मंगळूरजवळ जेप्पू येथे १८६५ मध्ये सुरू झाला. तेथून ही कौले समुद्रमार्गे कोकणातील बंदरांत येत, पण सामान्य घरांवर ती सावकाश चढली. त्यामुळे कौलाची लगोरी आजच्या रूपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीमागे नेणे धाडसाचे होईल. करवंट्यांची लगोरी तिच्याआधीची असणे शक्य आहे.

चकत्या करण्यासाठी खाचा नसलेला मधला भाग निवडतात. कोयत्याच्या पाठीने कडा थोड्याथोड्या टिचवून तुकडा गोलसर करतात व जांभ्याच्या ओल्या पायरीवर घासतात. घासताना निघणाऱ्या तांबड्या गाळाने हात आणि पायरी दोन्ही रंगतात. सर्वांत खालची चकती वीतभर, वरची दोन-तीन बोटे रुंद असते. करवंटी उपडी घातल्यास गोल पाठीमुळे उतरंड डळमळते. ती पाडणे सोपे, रचणे अवघड. म्हणून थोरली मुले करवंटी फोडून तिच्या भकलांचे (फुटलेल्या भागांचे) तुकडेच वापरतात. पोफळीच्या खोडाच्या चकत्या दिसायला सुबक असतात, पण वाळल्यावर आतला मऊ गाभा सुटून येतो.

चेंडूचे दोन प्रकार आहेत. चिंध्यांचा गोळा किंवा सोडणाचा (नारळाच्या सालीचा) कुटलेला काथ्या सुंभाने आवळून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या कड्या आडव्या-उभ्या चढवतात. हा चेंडू बऱ्यापैकी उसळतो आणि पाठीत बसला की वळ उठतो. दुसरा माडाच्या हिरव्या पातींचा विणलेला, हलका. तो उसळत नाही व वाळल्यावर सैल पडतो. लहानग्यांच्या हाती हाच देणे शहाणपणाचे.

हंगाम भातकापणीनंतरचा. पावसाळ्यात शेवाळलेले खळे (घरापुढचे अंगण) दिवाळीच्या सुमारास खणून, चोपून, शेणाने सारवतात. अशी जमीन मऊ, पण सपाट असते व त्यावर चकत्या सहसा फुटत नाहीत. खळ्यात मांडव घातला असल्यास चेंडू उंच फेकता येत नाही. मारा खालून, जमिनीलगत करावा लागतो. मांडवाच्या खांबाआड दडता येते, त्याचा फायदा रचणाऱ्या गड्यांना मिळतो. तुळशीवृंदावनाला चेंडू लागला तर डाव बाद धरावा की नाही, याविषयी वाडीवाडीचे संकेत निराळे आहेत. घरातल्या आजीचे मत मात्र सर्वत्र एकच.

पालघर–वसई पट्ट्यातही खेळ आढळतो. शहरांत हल्ली लाकडी व प्लॅस्टिकच्या चकत्यांचे तयार संच मिळतात. चकत्या एकसारख्या गुळगुळीत असल्याने त्यांची उतरंड हलक्या फेकीनेही विखुरते.