बापाचं नाव, आईचं काळीज

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याबद्दल एक अजब करार नोंदवून ठेवला आहे. या किनाऱ्यावरचे चाचे इथल्या राजाच्या संगनमतानं समुद्रात उतरत. लुटीत जे सापडेल ते त्यांचं, पण घोडे मात्र सगळेच्या सगळे राजाचे. इतर माल सोडून घोड्यांवरच डोळा का? तर आपल्याकडे चांगले घोडे पैदा करणं अवघड होतं आणि सैन्याची भिस्त समुद्रापलीकडून, पश्चिम आशियातून गलबतांत भरून येणाऱ्या घोड्यांवर होती. चाच्यांशी सौदा करणारा राजा गणितात कच्चा नव्हता.

पुढे चारेकशे वर्षांनी त्याच पश्चिम आशियातले तीन घोडे उलट दिशेला, इंग्लंडला पोचले. सतराव्या शतकाच्या शेवटाकडे बायर्ली टर्क, १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून डार्ली अरेबियन आणि १७३०च्या सुमारास गोडॉल्फिन अरेबियन. स्थानिक घोड्यांशी त्यांचा संकर झाला आणि त्यातून शर्यतीचा थरोब्रेड घडला. १७९१ मध्ये या जातीची वंशावळ छापून झाली आणि त्यानंतर बाहेरच्या रक्ताला दारं जवळजवळ बंदच झाली. आज महालक्ष्मीला धावणारा प्रत्येक घोडा बापाच्या बाजूनं या तिघांपैकी एकापर्यंत जातो. त्यातही समान वाटणी नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार सुमारे ९५ टक्के थरोब्रेडांचा पितृवंश एकट्या डार्ली अरेबियनचा आहे.

फेब्रुवारीत इंडियन डर्बी या मोठ्या शर्यतीच्या रविवारी ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलणाऱ्यांत रेसचं पुस्तक उघडून बसलेले लोक हमखास दिसतात. त्यांची चर्चा ऐकावी. घोड्याचं वजन, जॉकी, मागच्या शर्यतीतली वेळ हे सगळं होतंच, पण नवखा घोडा असला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बाप कोण?’ आईचं नाव त्याच ओळीत छापलेलं असतं, पण त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. ही सवय केवळ लोकलमधल्या शौकिनांची नाही. लाखो डॉलर मोजणारे धनाढ्यही बहुतेक बापाच्याच नावावर पैसे लावतात. विज्ञान या बाबतीत त्यांच्या बाजूनं फारसं उभं राहत नाही.

आधी धावण्याचं बघू. शर्यत संपवून परतणारा घोडा जवळून बघायला मिळाला, तर कळतं की या जनावराच्या अंगात काय चाललेलं असतं. नाकपुड्या ताणून फुगलेल्या, आतला लालसर पडदा दिसतोय. मानेवर आणि पोटावर शिरांचं जाळं वर उठलेलं. लगाम घासतो तिथे आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. त्यामुळे घाम तेलकट केसांत अडकून न राहता पसरतो, वाळतो आणि अंग थंड होतं. फेस येतो तो त्याच्यामुळेच. तोंड मात्र मिटलेलं. घोड्याला तोंडानं श्वास घेताच येत नाही, जी काही हवा हवी ती नाकातूनच. चौखूर धावताना एका झेपेला एक श्वास अशी गाठ पडलेली असते, त्यामुळे मिनिटाला १३० ते १५० श्वास होतात.

हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४०, तर शर्यतीत २२०च्या पुढे. शिवाय घोड्याची प्लीहा हे रक्ताचं राखीव कोठार आहे. शर्यतीच्या उत्तेजनानं ती आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतते. एरवी रक्तात ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं पेशींचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर जातं. माणसानं हाच परिणाम इंजेक्शन घेऊन साधला, तर त्याच्यावर बंदी येते.

ही सगळी ताकद तोलायची कुणी? चार बारीक काठ्यांसारख्या पायांनी. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळपास नसतातच. हाडं, कंडरा आणि खूर, बस्स. सुमारे ४५० ते ५०० किलोंचं धूड ताशी ६० किलोमीटरनं जाताना एका पुढच्या पायावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार क्षणभर येतो. पायामागची कंडरा ताणली जाते, परत आखडते आणि तीच ऊर्जा पुढच्या झेपेला देते. या ताणण्या-आखडण्यात तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं. बऱ्याच घोड्यांची कारकीर्द तिथेच संपते.

आता एकाच घोड्याकडे बघू. सेक्रेटॅरिएट, जन्म १९७०, अमेरिका. १९७३च्या केंटकी डर्बीत त्यानं प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा कमी वेळात कापला. घोडे शेवटाकडे दमतात, हा गडी वेग वाढवत गेला. त्याच वर्षी बेलमाँट स्टेक्समध्ये त्यानं दीड मैल दोन मिनिटं २४ सेकंदांत पार केले, म्हणजे ताशी सरासरी ६० किलोमीटर, आणि तो ३१ घोड्यांच्या लांबीइतक्या अंतरानं जिंकला. दुसरा घोडा तेव्हा सुमारे ७५ मीटर मागे होता. दोन्ही शर्यतींतले त्याच्या वेळेचे विक्रम अजून मोडलेले नाहीत. आहार, पशुवैद्यक, प्रशिक्षण या सगळ्यात पन्नास वर्षांत केवढी प्रगती झाली, तरीही! २१ शर्यती, १६ विजय आणि वयाच्या तिसऱ्या वर्षी निवृत्ती.

इतक्या लवकर का? कारण खरी कमाई पुढे होती. तिहेरी मुकुट, म्हणजे एकाच वर्षी अमेरिकेतल्या तीन मानाच्या शर्यती, जिंकण्यापूर्वीच, १९७३च्या फेब्रुवारीत, त्याच्या प्रजननाचे हक्क ३२ हिश्श्यांत विकले गेले होते. प्रत्येक हिस्सा १ लाख ९० हजार डॉलरचा, एकूण ६० लाख ८० हजार. तोवर बापाच्या भूमिकेत त्यानं काहीच सिद्ध केलेलं नव्हतं.

स्टड फार्मवरचं, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या जागेवरचं काम बाहेरून वाटतं तितकं ऐषारामाचं नसतं. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. शिंगराची नोंद वंशावळीत व्हायची असेल, तर नैसर्गिक संयोगच हवा. घोडी २१ दिवसांच्या चक्रात पाच-सात दिवसच माजावर असते. ती तयार आहे का हे बघायला आधी एक कमी किमतीचा घोडा पुढे करतात. घोडी लाथा झाडते का शांत उभी राहते, हे जोखून त्याला परत नेतात. घोडी चिडली तर लाथ त्यानं खायची आणि ती राजी असली तरी त्याच्या वाट्याला काहीच नाही. घोड्यांच्या दुनियेत याच्याइतकी निराशाजनक नोकरी दुसरी नसावी. मग लाखमोलाचा स्टॅलियन येतो. घोडीचं शेपूट पट्टीनं बांधलेलं असतं, तिला धरायला दोघंतिघं असतात आणि काम काही मिनिटांत उरकतं. मोठ्या फार्मवरच्या नावाजलेल्या घोड्याच्या वाट्याला एका हंगामात दीडशे-दोनशे घोड्या येतात.

त्यात कॅलेंडरचा हट्ट. भारतासह उत्तर गोलार्धात प्रत्येक थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, तो जन्मलेला असो एप्रिलात. म्हणून मालकाला शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत हवं असतं. पण गर्भ अकरा महिन्यांचा, आणि घोडीला माज येतो तो दिवस मोठा होऊ लागला की. उपाय म्हणून हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून रोज सोळा तासांचा दिवस तयार करतात. प्रकाशामुळे मेलाटोनिन कमी होतं आणि घोडीच्या शरीराला वाटतं वसंत आला. आपल्या डर्बीचा एक गमतीदार प्रकारही या वाढदिवसातून आला आहे. इंग्लंडातली डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची आणि उन्हाळ्यात होते. आपली हिवाळ्यात, फेब्रुवारीत, म्हणून तीच पिढी तोवर कागदोपत्री चार वर्षांची झालेली असते.

सेक्रेटॅरिएटला साडेसहाशेच्या आसपास पोरं झाली. त्यातली काही गाजली. लेडीज सिक्रेट ही घोडी १९८६ साली अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरली आणि रायझन स्टारनं १९८८ मध्ये दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. पण बापाच्या तोडीचा मुलगा एकही निघाला नाही. लोक हिरमुसले. पुढच्या पिढीत मात्र वेगळंच घडलं. त्याच्या मुलींच्या पोटी स्टॉर्म कॅट, ए. पी. इंडी आणि गॉन वेस्ट जन्मले. तिघांनीही प्रजननात नाव काढलं. स्टॉर्म कॅटची एका घोडीमागची फी तर एका वेळी पाच लाख डॉलरवर गेली होती.

१९८९ मध्ये खुरांच्या आजारानं त्याला दयामरण द्यावं लागलं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं वजन २२ पौंडांच्या, म्हणजे दहा किलोंच्या आसपास असावं असा अंदाज दिला. सामान्य थरोब्रेडच्या हृदयाच्या दुपटीहून अधिक. लक्षात घ्या, ते तराजूत घातलेलं नव्हतं, तो अंदाज होता. पण एवढं पुरलं आणि एक सिद्धान्त पसरला: मोठ्या हृदयाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बापाचा एक्स मुलाला मिळतच नाही, त्याला वाय मिळतो. एक्स जातो फक्त मुलींकडे आणि तिथून नातवांकडे. सेक्रेटॅरिएटचा इतिहास या चौकटीत इतका चपखल बसतो की मोह आवरत नाही. मात्र असं एखादं जनुक आजवर कुणी दाखवलेलं नाही. एवढ्या मोठ्या घोड्याकडे उत्तमोत्तम घोड्या येणारच आणि त्यांच्या मुलींना पुढे उत्तम नवरे मिळणारच, हे साधं स्पष्टीकरणही तितकंच पटतं. मला तरी जास्त पटतं.

एक्सबद्दल काहीही असो, आईचा वाटा मोठा आहे हे मात्र निर्विवाद. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. गर्भाशय तिचं, दूध तिचं, पहिले सहा महिने सोबत तिची. आणि तरी सख्ख्या भावंडांतही नशीब सारखं नसतं. फ्रँकेल हा इंग्लंडचा घोडा २०१० ते २०१२ मध्ये १४ शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. त्याचा सख्खा भाऊ नोबल मिशन चांगला निघाला, पण पाचव्या वर्षी कुठे बहरला. आईकडून सावत्र भाऊ बुलेट ट्रेन याला तर फ्रँकेलच्या शर्यतीत पुढे धावून वेग राखून द्यायच्या कामावर ठेवलं होतं. वेग हा शेकडो जनुकांचा खेळ आहे आणि प्रत्येक शिंगराच्या वेळी पत्ते नव्यानं पिसले जातात.

एक जनुक मात्र ठळकपणे सापडलं आहे. मायोस्टॅटिन हे स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. २०१० साली डब्लिनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्याच्या जनुकाचे सी आणि टी असे दोन प्रकार आहेत. दोन्ही सी असलेला घोडा हजार-बाराशे मीटरचा, दोन्ही टी असलेला लांब पल्ल्याचा, एकेक असलेला मधला. पण हे जनुक घोडा किती अंतरावर खुलेल ते सांगतं, जिंकेल का ते नाही. आणि २००८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या दोघांनी ब्रिटनमधल्या घोड्यांचा हिशेब मांडला, तेव्हा आयुष्यभराच्या कमाईतल्या फरकात जनुकांचा वाटा जेमतेम दहा टक्के निघाला. बाकीचं सगळं प्रशिक्षक, आहार, जॉकी, शर्यतीची निवड आणि योगायोग. महागड्या बापाची पोरं जास्त जिंकतात ती बऱ्याच अंशी यासाठी, की महागड्या बापाची फी भरणारा मालक प्रशिक्षकही महागडाच ठेवतो.

सगळ्यांत मासलेवाईक गोष्ट सिगारची. १९९०च्या दशकात त्यानं सलग १६ शर्यती जिंकल्या, मोठ्या अपेक्षेनं त्याला फार्मवर नेलं आणि तो वांझ निघाला. विमा कंपनीला पैसे मोजावे लागले.

बापाच्या नावामागे धावण्याचा परिणाम आता जातीवर दिसतोय. आपल्याकडे सगोत्र विवाह टाळायचा दंडक होता. घोड्यांच्या दुनियेत गोत्र जुळलं तर उलट आनंद. फ्रँकेलच्याच पत्रिकेत नॉर्दर्न डान्सर हा घोडा बापाकडून तिसऱ्या आणि आईकडून चौथ्या पिढीत येतो. हा १९६१ साली जन्मलेला, ठेंगणा, लिलावात २५ हजार डॉलरलाही न खपलेला कॅनडाचा घोडा. २०२० साली जगभरातल्या दहा हजारांवर थरोब्रेडांचा जनुकीय अभ्यास झाला, त्यात ९७ टक्क्यांच्या वंशावळीत तो होता आणि पन्नास वर्षांत अंतःप्रजनन वाढत गेल्याचं दिसलं. अमेरिकेत त्याच वर्षी एका घोड्यानं हंगामात १४० पेक्षा जास्त घोड्या फळवू नयेत असा नियम झाला. फार्मवाले कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला.

या सगळ्या उलाढालीत बहुसंख्य घोडे दोन्हीकडे कमी पडतात. धावण्यात मागे, प्रजननात नको. त्यांच्यासाठी पुण्यात एक अनपेक्षित वाट निघाली. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात. तिथे त्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं औषध बने. हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. सर्पदंशावरचं औषधही घोड्याकडूनच येतं, त्याला शर्यतीचा घोडा लागतो असं नाही, तट्टू आणि खेचरंही चालतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात. त्याचं शरीर प्रतिपिंडं तयार करतं, रक्त काढून त्यातला द्रव वेगळा करतात आणि तांबड्या पेशी घोड्याला परत देतात. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडे लावणीच्या चिखलात कुणाला दंश झाला, तर ग्रामीण रुग्णालयात सलाईनमधून जे चढवतात ते हेच. औषध विषाच्या मात्रेवर ठरतं, माणसाच्या वजनावर नाही, म्हणून लहान मुलालाही मोठ्याइतक्याच कुप्या लागतात.