नाणे दाखवायला आणण्यापूर्वी: ‘यूएनसी’, ‘प्रूफ’ आणि ‘एरर’ या शब्दांविषयी

आमच्या दुकानात येणाऱ्या ग्राहकांना छापा, काटा आणि कड म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. स्वतंत्र भारताच्या नाण्यावर सालाखाली हिरा असेल तर ते साधारणतः मुंबईचे, तारा असेल तर हैदराबादचे, गोल टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचे, हेही अनेकांना पाठ असते. (नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, नाणी पाडली जात नाहीत, आपल्या गावची टांकसाळ ज्यांना संग्रहात हवी आहे त्यांनी ‘गुलशनाबाद’ हे नाशिकचे जुने नाव असलेला मराठेकालीन रुपया पाहावा.) घोटाळा होतो तो नाण्याच्या दर्जाविषयीच्या शब्दांत, आणि त्यातही एकाच शब्दाने ग्राहकांचा व आमचा सर्वाधिक वेळ जातो.

तो शब्द म्हणजे ‘यूएनसी’, म्हणजेच ‘अनसर्क्युलेटेड’. याचा अर्थ चकचकीत नाणे असा नाही. टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर जे चलनात फिरले नाही आणि म्हणून ज्याच्या उंच भागांवर झीज नाही, ते नाणे यूएनसी. असे चांदीचे नाणे वर्षानुवर्षे कागदात राहून करडे, तपकिरी किंवा निळसर झाले, तरी त्याचा हा दर्जा कायम राहतो. उलट व्हिक्टोरिया राणीच्या गालावरची आणि केसांवरची रेघ बोथट झालेला रुपया कितीही चमकला तरी तो ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रा फाइन), ‘व्हीएफ’ (व्हेरी फाइन) किंवा ‘फाइन’ या झिजेनुसार उतरत्या पायऱ्यांवरच बसतो. नाण्यावर धीम्या गतीने चढणाऱ्या या रंगाला संग्राहक ‘टोन’ किंवा ‘पटिना’ म्हणतात, आणि तो मळ नव्हे.

हे लक्षात न आल्याने घरात सापडलेला राणीचा रुपया आमच्याकडे येण्याआधी चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याची पावडर यांतून जातो, नाहीतर सराफ बाजारात उजळून आणला जातो. साच्याचा दाब पडताना धातू सूक्ष्म रेषांनी बाहेरच्या बाजूस सरकतो आणि त्या रेषांमुळे, नाणे दिव्याखाली तिरके फिरवले असता, प्रकाशाचा पट्टा त्यावर फिरताना दिसतो. खरी झळाळी ती हीच. आम्ल आणि घासणी या रेषाच काढून टाकतात. त्या पुन्हा कोणालाही आणता येत नाहीत. मग 11.66 ग्रॅम वजनाच्या, 91.7 टक्के चांदीच्या त्या सहज मिळणाऱ्या सालाच्या रुपयाची किंमत बहुधा चांदीच्या भावापाशी येऊन थांबते.

अशा नाण्याच्या पाकिटावर आम्ही ‘साफ केलेले’ असा शेरा लिहितो, तेव्हा भाव पाडण्यासाठी हे चालले आहे असे काहींना वाटते. आम्ही विकायला ठेवलेल्या नाण्यांवरही हाच शेरा असतो, हे काउंटरवर पाहता येईल. छायाचित्रावरून फोनवर किंमत न सांगण्यामागेही हेच कारण आहे, कारण घासल्याचे बारीक ओरखडे छायाचित्रात उतरत नाहीत.

‘प्रूफ’ हा दर्जा नसून नाणे पाडण्याची पद्धत आहे: चकाकी दिलेले खास साचे वापरून, एकाहून अधिक ठोक्यांनी, संग्राहकांसाठीच ही नाणी तयार होतात. त्यामुळे बाजारात सुट्या पैशांत मिळालेले नवे दहा रुपयांचे नाणे ‘प्रूफ’ नसते. ‘एरर’ म्हणजे टांकसाळीत झालेली चूक, जसे छाप मध्यभागी न बसणे, किंवा आधीचे नाणे साच्यात अडकून पुढच्यावर उलटा, खोलगट ठसा उमटणे, ज्याला ‘ब्रोकेज’ म्हणतात. चलनात फिरताना ठेचले गेलेले किंवा कोणी छिद्र पाडलेले नाणे एरर नव्हे. साच्यांमधल्या ठरावीक फरकांना ‘व्हरायटी’ म्हणतात. 1862 सालच्या रुपयावर हेच साल 1874 पर्यंत कायम राहिले आणि प्रत्यक्ष वर्ष ओळखायला टिंबांची रचना पाहावी लागते. म्हणून नुसते ‘1862 चा आहे, केवढ्याला घ्याल?’ एवढ्यावरून आम्हाला उत्तर देता येत नाही.

जुन्या छापावर नवा छाप मारलेले नाणेही चुकीचे नसते. 1906 मध्ये आपल्याच जिल्ह्यात जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. एका राजाने दुसऱ्यावर मिळवलेला विजय त्या चांदीवर वाचता येतो. मुद्राशास्त्राची, म्हणजे नाण्यांच्या अभ्यासाची, अधिक गोडी असलेल्यांनी त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणे संग्रहालयास अवश्य भेट द्यावी.

नाणे जसे सापडले तसेच, न धुता, कडेला धरून कोरड्या कागदात गुंडाळून आणावे. प्रत्येक नाणे वेगळे असावे, कारण एकाच डबीत खुळखुळणारी नाणी एकमेकांना ओरखडतात. पाहण्याचे आम्ही काही घेत नाही. लेखी अभिप्राय हवा असल्यास मात्र शुल्क आहे. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त अल्बममध्ये पीव्हीसी असते आणि कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून पीव्हीसी नसलेली पाकिटे व आम्लरहित पुठ्ठ्याच्या चौकटी आमच्याकडे नेहमी ठेवलेल्या असतात. आपल्या नाण्याचा व्यास मोजून योग्य माप आम्हीच काढून देतो.